दादाची जुनी गिटार: अपग्रेड करू, की नवी घेऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. चाळिशीतले एक वाचक लिहितात की त्यांच्याकडे साधारण २० वर्षं जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, स्ट्रॅट टाइपची (म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची), तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पला पाठवणारा भाग), बिगिनर लेव्हलची. मोठ्या भावाने पहिल्या पगारातून घेतलेली, नंतर तो नोकरीत अडकला आणि गिटार यांच्याकडे आली. मधली १० वर्षं ती बॅगेत घालून कपाटावर पडून होती, गेल्या वर्षापासून हे परत वाजवायला लागलेत, रोज अर्धा तास तरी, ६ इंची स्पीकरच्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर. तक्रारी चार आहेत. ॲम्प चालू केला की सतत घूंऽ असा हम येतो. दोन गाणी वाजवली की ट्यूनिंग जातं, तिसरी तार तर सगळ्यात आधी. सुरुवातीच्या फ्रेट्सवरचे (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) कॉर्ड बेसूर लागतात आणि मध्ये काही ठिकाणी तार करकरते. आणि एकूण आवाज 'पातळ, खेळण्यातल्या गिटारसारखा' वाटतो. त्यांनी खरेदीची यादी केलीये: नवे पिकअप, लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या सुराच्या खुंट्या), नवा ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग), वायरिंग सगळं नवीन. बेरीज केली तर तेवढ्या पैशात याच लेव्हलच्या दोन नव्या गिटार येतील किंवा एक बऱ्यापैकी चांगली. एक मित्र म्हणतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, सोडून दे. दुसरा म्हणतो, फक्त पिकअप बदल आणि मग बघ. शेवटच्या ओळीत ते विचारतात, 'दादाची गिटार उघडून सगळं बदललं तर ती दादाची राहील का?'

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना शेजारी कागद घेऊन बसले. एका बाजूला तुमच्या चार तक्रारी लिहिल्या, दुसऱ्या बाजूला खरेदीच्या चार वस्तू, आणि कुठली वस्तू कुठली तक्रार घालवणार त्याच्या रेघा मारायला लागले. रेघा जुळेनात. बेसूर लागणाऱ्या कॉर्डसाठी तुमच्या यादीत काहीच नाहीये, हम जाण्यासाठी जे घेताय त्याने तो जाईलच असं नाही, आणि ट्यूनिंगसाठी सगळ्यात महाग वस्तू आहे पण बहुतेक चुकीच्या जागी. पत्रात तुम्ही पिकअपचे तीन ऑप्शन तुलना करून लिहिलेत, ॲम्पच्या स्पीकरची साइझ सांगितलीत, फक्त तारा शेवटच्या कधी बदलल्या हे कुठेच नाही. मला वाटतं तुमच्या प्रश्नाची सुरुवात तिथून करायला हवी.

कारण तुम्ही 'अपग्रेड' म्हणताय त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे दुरुस्ती, जी गिटार मुळात जशी वाजायला हवी तशी वाजण्यासाठी करायची. दुसरी खरी अपग्रेड, म्हणजे नीट वाजणाऱ्या गिटारमधून अजून वेगळा किंवा चांगला आवाज काढायचा. तुमची गिटार १० वर्षं कपाटावर होती, लाकूड हवेतल्या ओलाव्याने थोडंफार हलतंच, तारांचा ताण नेकवर तसाच राहिला असणार, पॉटमध्ये (नॉबच्या खाली असतो तो भाग) धूळ आणि गंज बसला असणार. ती आत्ता जशी वाजतेय ते तिचं खरं वाजणं नाही. आजारी माणसाची ताकद बघून तो किती वजन उचलेल ते ठरवू नये, आधी बरं होऊ द्यावं. तुमच्या मित्राची कोंबडीची म्हणसुद्धा हेच गृहीत धरते की गिटार चार आण्याची आहे हे ठरलेलंच आहे, आणि मसाला बारा आण्याचाच लागणार हेही ठरलेलंच आहे. मला दोन्ही तपासून बघायचंय.

ट्यूनिंगपासून सुरू करू, कारण तिथे तुम्ही सगळ्यात जास्त वैतागलेले दिसताय. लोकांना वाटतं ट्यूनिंग गेलं म्हणजे ट्यूनर घसरतात, नावच ट्यूनर असल्यामुळे असेल. पण ट्यूनरमध्ये वर्म गिअर असतो, तो बटण फिरवल्यावर फिरतो, तारेने कितीही ओढलं तरी उलटा फिरत नाही. अगदी स्वस्त ट्यूनरसुद्धा, जर तो ढिला होऊन हलत नसेल, तर सहसा घसरत नाही. तार अडकते ती नटमध्ये, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते तिथे. तुम्ही बेंड केलं, म्हणजे तार बाजूला ओढली, किंवा ट्रेमोलो, म्हणजे ब्रिजची दांडी, दाबला की तार खाचेतून सरकते आणि परत येताना मधेच अडकून बसते. ट्यून करताना 'टिक' असा आवाज येतो का बघा, बटण फिरवताय आणि सूर हलत नाही आणि अचानक उडी मारतो, असं होत असेल तर तो नटच. अजून एक टेस्ट आहे, तिसरी तार ट्यून करा, जोरात बेंड करा, सूर बिघडला की नटच्या मागच्या बाजूला, म्हणजे नट आणि ट्यूनरच्या मधल्या तारेवर बोटाने हलकंच दाबून सोडा. सूर जागेवर आला, निदान हलला तरी, तर अडकण नटमध्येच आहे आणि लॉकिंग ट्यूनरने त्यात काही फरक पडणार नाही. तात्पुरता उपाय म्हणून तार सैल करून त्या खाचेत शिसपेन्सिलचं टोक फिरवा, ग्रॅफाइट असतं ते, तार सरकायला लागते. कायमचा उपाय म्हणजे खाच तारेच्या जाडीप्रमाणे नीट घासून घेणं किंवा नट बदलणं, आणि नट ही गिटारमधली फार छोटी वस्तू आहे, त्यात मेहनत बसवणाऱ्याच्या हाताची असते.

आणि तारा. जुन्या तारेला घाम आणि गंज सगळीकडे सारखा लागत नाही, फ्रेटवर घासून तिला खालून बारीक खड्डे पडतात, मग ती पूर्ण लांबीभर एकसारखी राहत नाही आणि तिला खरा सूर लावताच येत नाही, कुठेतरी जुळवला तर दुसरीकडे चुकतो. नव्या तारा टाकल्या तर पहिल्या दिवशी हाताने हळूहळू ताणून घ्या, परत ट्यून करा, असं चारपाच वेळा करा, आणि ट्यूनरच्या पोस्टभोवती, म्हणजे तार गुंडाळतो त्या खुंटीभोवती, दोनतीनच नीट वेढे ठेवा, सातआठ वेढ्यांचं भेंडोळं केलं तर तेच हळूहळू आवळत राहतं आणि सूर उतरत राहतो. हे सगळं करायच्या आधी नवे ट्यूनर मागवू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

सुरुवातीच्या फ्रेट्सवरचे कॉर्ड बेसूर लागतात हे वाचून तर मला जवळजवळ खात्री वाटली की नटच्या खाचा उंच राहिल्यात. स्वस्त गिटारमध्ये हे फार कॉमन आहे, फॅक्टरीत खाच कमी खोल ठेवलेली सेफ असते, जास्त खोल गेली तर नट वाया जातो ना. पण खाच उंच असली की पहिल्या दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. वरच्या फ्रेट्सवर तेवढं जाणवत नाही आणि मोकळ्या कॉर्डमध्ये कान किटतात. बघायचं कसं, तार तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते बघा. केसाएवढी असायला हवी, दिसेल न दिसेल अशी. तिथून नखभर फट दिसत असेल तर इतकी वर्षं तुमचं बोट आणि कान दोन्ही उगाच त्रास काढत होते. मग इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं. स्ट्रॅट टाइपची स्केल लेन्थ, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, साधारण ६४८ मिलीमीटर असते, १२वा फ्रेट बरोबर निम्म्यावर म्हणजे ३२४ वर येतो, पण तार दाबली की थोडी ताणते म्हणून ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, निम्म्याच्या हिशोबापेक्षा थोडं मागे ठेवावं लागतं, प्रत्येक तारेला वेगळं. १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर सूर दाखवणाऱ्या ट्यूनर यंत्रावर सारखे यायला हवेत, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागतो, नवा ब्रिज नाही. पण हे जुन्या तारांवर करू नका, वाया जाईल.

आता हम, आणि इथे जरा थांबते कारण याच मुद्द्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. गिटारची तार हलते, चुंबकीय क्षेत्र हलतं, कॉइलमध्ये करंट तयार होतो, तो ॲम्पला जातो. पण तीच कॉइल घरातल्या विजेचं ५० किंवा ६० हर्ट्झचं क्षेत्रही तितक्याच प्रामाणिकपणे पकडते, ट्रान्सफॉर्मर, डिमर, चार्जर, सगळ्यांचं. सिंगल कॉइलचा हा स्वभावच आहे. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हरने याच हमवर उपाय म्हणून दोन उलट कॉइलचा हमबकर बनवला आणि १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, नावातच आहे बघा, हमला रोखणारा. म्हणून तुमच्या यादीतले ते 'व्हिंटेज स्टाइल' सिंगल कॉइल पिकअप घेतलेत तर आवाज कदाचित जास्त गोड येईल पण हम तसाच राहील, कारण तेही सिंगल कॉइलच आहेत. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

आधी हम कुठला आहे ते शोधा. ॲम्प चालू ठेवून गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरा, एखाद्या दिशेला हम कमी आणि एखाद्या दिशेला जास्त होत असेल तर ती कॉइल बाहेरचं क्षेत्र पकडतेय, त्या खोलीत बसायची जागा बदलली तरी बराच फरक पडतो. मग पिकअप निवडायचा पाच पोझिशनचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवा, तिथे दोन पिकअप एकत्र चालतात, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर त्या दोन जागी हम जवळजवळ जातो, नसेल तर नाही. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते का बघा, कमी होत असेल तर ग्राउंड जोडलेला आहे पण आतून शील्डिंग, म्हणजे बाहेरचं क्षेत्र अडवणारं आवरण, कमी पडतंय, त्यासाठी तांब्याची चिकटपट्टी मिळते, पिकगार्डच्या (पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या) मागे आणि आतल्या खड्ड्यात लावायची आणि ग्राउंडला जोडायची, एका दुपारचं काम आहे. हात लावल्यावर उलट वाढत असेल तर वायरिंगमध्ये कुठेतरी जोडणी चुकलीये किंवा तुटलीये. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर तो पॉट, इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर आत मारून वीसतीस वेळा नॉब फिरवला की बऱ्याचदा साफ होतो. आणि केबल हलवल्यावर आवाज जात येत असेल तर जॅक, म्हणजे केबल घालायची जागा, ढिला झालाय. यातल्या कशालाच सगळं वायरिंग नवीन करावं लागत नाही.

एक मात्र सांगते आणि हे सगळ्यांसाठी आहे, तारांना हात लावल्यावर बोटाला जर झिणझिण्या किंवा शॉक जाणवत असेल तर वाजवणं ताबडतोब थांबवा. तो गिटारचा प्रॉब्लेम नसतो, ॲम्पच्या किंवा प्लगच्या अर्थिंगचा असतो, आणि तो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय ॲम्पला हात लावायचा नाही.

'आवाज पातळ' ही तुमची चौथी तक्रार, आणि दुसऱ्या मित्राचा सल्ला इथे लागू पडू शकतो, पण शेवटी. मी स्वतः हे करून बसलेय. माझी पहिली गिटार अशीच साधी होती, आवाज तीक्ष्ण आणि पोकळ वाटायचा म्हणून कित्येक महिने पैसे साठवून ब्रिजचा पिकअप बदलून घेतला. पहिला आठवडा स्वर्ग वाटला. मग योगायोगाने मोबाईलवर आधी केलेलं रेकॉर्डिंग सापडलं, नवीन रेकॉर्ड केलं आणि दोन्ही मागोमाग ऐकली, तर फरक होता पण इतका थोडा की मी गप्पच बसले. त्यानंतर काही महिन्यांनी एका जाणकार वादकाने माझी गिटार हातात घेतली, पिकअपच्या दोन बाजूचे स्क्रू फिरवून त्याची उंची बदलली, माझी लांबलचक जुनी केबल काढून स्वतःची लावली, आणि आवाज भरला. मला त्या दिवशी रडू आलं होतं, पैशासाठी नाही, इतके महिने मी चांगलं वाजवू शकले असते म्हणून.

तर पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तार आणि पिकअपच्या पोलमधलं (वर दिसणाऱ्या चुंबकांच्या टोकांमधलं) अंतर मोजा, जाड तारेकडे साधारण २ मिलीमीटर, बारीक तारेकडे थोडं कमी, इथून सुरुवात करा आणि कानाने ठरवा. फार लांब असेल तर आवाज मरतो, फार जवळ आणलात तर चुंबक तारेलाच ओढायला लागतात आणि सूर लहरतो, विशेषतः जाड तारांवर वरच्या फ्रेटला. तुमच्या बेसूर वाटण्यात याचाही हात असू शकतो. आणि मग तुमचा ॲम्प. ६ इंची स्पीकर छोट्या डब्यात, त्यातून लो एंड, म्हणजे खालचे जाड सूर, येणार कुठून? इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणजे निम्मी गिटार आणि निम्मा ॲम्प, मी तर म्हणेन ॲम्पचा वाटा मोठाच. एक काम करा, तुमची गिटार उचलून कुणाकडे १० किंवा १२ इंची स्पीकरचा ॲम्प असेल तिथे न्या आणि लावून बघा. आणि उलटंही करा, एखाद्या मित्राची चांगली गिटार तुमच्या ॲम्पवर वाजवा. ती पण खेळण्यासारखी वाजली तर तुम्हाला उत्तर मिळालं, आणि तेही एक पैसा न खर्चता.

हे सगळं झालं की मग मी ज्या गोष्टीवर निर्णय सोडेन ती म्हणजे नेक. पिकअप, ट्यूनर, ब्रिज, सगळं बदलता येतं पण तुमचा हात दिवसभर असतो तो नेकवर. हेडस्टॉकच्या (ट्यूनर असतात त्या डोक्याच्या) टोकाकडून एका डोळ्याने नेकवरून बघा, जाड तारेकडची कड आणि बारीक तारेकडची कड सारख्याच वळणाने जातात का. एक कड वर आणि एक खाली असेल तर नेक पिळलीये, आणि ते ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळीने) सरळ होत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप) लावा, शेवटचा फ्रेट दाबा, ७व्या ८व्या फ्रेटवर तारेखाली साधारण ०.२ ते ०.३ मिलीमीटर फट हवी, व्हिजिटिंग कार्डाएवढी. फटच नसेल, तार फ्रेटला टेकलेली असेल तर मधली करकर तिथूनच येतेय. जास्त असेल तर नेक पुढे वाकलीये, त्याने करकर वरच्या फ्रेट्सवर येते आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढते. ट्रस रॉड पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि तो फिरतच नसेल तर जोर लावू नका, तिथे हात थांबवून माणसाला दाखवा. फ्रेट्स बघा, तारेखाली खड्डे पडलेत का. थोडे असतील तर लेव्हल करून पॉलिश होतात. पार सपाट झाले असतील तर रिफ्रेट, म्हणजे सगळे फ्रेट नवे बसवणं, करावं लागेल, आणि बिगिनर गिटारला रिफ्रेटची मजुरी गिटारच्याच किमतीच्या आसपास जाते.

म्हणजे माझा हिशोब असा. नेक पिळलेली असेल, ट्रस रॉड जाम असेल, किंवा सगळे फ्रेट संपले असतील, तर तुमच्या पहिल्या मित्राचं बरोबर आहे, त्या गिटारवर पिकअप चढवू नका, नवी घ्या. नेक सरळ असेल, ट्रस रॉड चालत असेल, फ्रेट शिल्लक असतील, तर तुमच्या हातात चार आण्याची कोंबडी नाहीये. दुरुस्ती करा, बिनधास्त करा. नव्या तारा, चांगल्या माणसाकडून पूर्ण सेटअप (नेक, तारांची उंची, इंटोनेशन सगळं जुळवून घेणं), गरज असेल तर नट, आतून साफसफाई आणि शील्डिंग. याचा खर्च जुन्या गिटारच्या नावावर टाकू नका, कारण नवी बिगिनर गिटार घेतलीत तरी सेटअप बहुतेक वेळा करावाच लागतो, म्हणजे तो खर्च दोन्ही रस्त्यांवर आहे. मग महिनाभर काहीही विकत घेऊ नका. फक्त वाजवा. रोज अर्धा तास म्हणालात ना, तोच. महिन्याने त्या चार तक्रारींचा कागद परत काढा आणि उरलेल्या किती आहेत बघा. उरली तर मला वाटतं शेवटचीच उरेल, आणि तेव्हा पहिला पैसा ॲम्पवर घाला, कारण ॲम्प पुढच्या कुठल्याही गिटारबरोबर राहतो. पिकअप त्यानंतर.

पिकअप घ्यायचेच झाले तर एवढं डोक्यात ठेवा की विकताना त्याचे पैसे परत येत नाहीत, अपग्रेड केलेली बिगिनर गिटार बाजारात बिगिनर गिटारच्याच भावाने जाते. त्यामुळे जे घ्याल ते आपल्या कानासाठी, आणि शक्यतो पुढच्या गिटारमध्ये हलवता येईल असं. जुने पार्ट जपून ठेवा, विकायची वेळ आली तर ते परत लावून नवे वेगळे विकता येतात. एकूण खर्चाची मर्यादा आधीच ठरवा. मी स्वतःसाठी ठेवलेला नियम असा आहे की सेटअप सोडून बाकीचा खर्च, मला खरंच आवडलेल्या नव्या गिटारच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की थांबायचं. आणि मागवण्याआधी मापं घ्या, कारण स्ट्रॅट टाइप म्हटलं तरी सगळं एकमेकांत बसत नाही, ब्रिजच्या दोन तारांमधलं अंतर आणि स्क्रूची भोकं वेगळी असतात, ट्यूनरची भोकं काहींना १० मिलीमीटर तर काहींना त्याहून लहान, आणि आतली जागा मोठ्या पॉटला कमी पडू शकते. सिंगल कॉइलला साधारण २५० किलोओहमचे पॉट लागतात आणि हमबकरला ५००, उलट केलं तर आवाज एकतर फार चिरका नाहीतर फार दबलेला येतो आणि माणूस पिकअपला दोष देत बसतो.

अजून एक प्रश्न स्वतःला विचारा, आणि खरं उत्तर द्या, कुणाला सांगायचं नाहीये. तुम्हाला ही गिटार चांगली वाजायला हवीये, की तुम्हाला दुसरी गिटार हवीये? दोन्ही इच्छा चांगल्याच आहेत. तुम्ही जो जाड, भरलेला आवाज लिहिलाय तो जर हमबकरवाल्या, कमी स्केलच्या गिटारचा असेल, गिब्सनची स्केल साधारण ६२८ मिलीमीटर असते, तारा हाताला जरा मऊ लागतात, तर तीन सिंगल कॉइलच्या गिटारवर कितीही खर्च केला तरी ती तशी होणार नाही. मग तिला बिचारीला तिच्या स्वभावाविरुद्ध ओढण्यापेक्षा पैसे साठवा, आणि ही सेटअप करून शेजारी ठेवा. वर्षभरात परत वाजवायला लागलेल्या माणसाला नवी गिटार घ्यायचा पूर्ण हक्क आहे, त्यासाठी जुनीला वाईट ठरवायची गरज नाही.

अशीच पत्रं इतरांचीही येतात म्हणून एक जोडते. तुमची जुनी गिटार जर ५०, ६० किंवा ७० च्या दशकातल्या चांगल्या कंपनीची असेल, घरातल्या कुणाकडून आलेली, तर हे वाचून लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. तिथे मूळ पार्ट आणि मूळ सोल्डरसुद्धा किमतीचा भाग असतो. पॉटच्या पाठीवर बऱ्याचदा आकडे असतात, उदाहरणार्थ १३७७६३३ असं असेल तर १३७ हा पॉट बनवणाऱ्या सीटीएस कंपनीचा कोड, पुढे ७६ म्हणजे १९७६ साल आणि ३३वा आठवडा, म्हणजे निदान तो पॉट कधी बनला ते कळतं आणि गिटार त्याआधीची नाही एवढा अंदाज येतो, अर्थात पॉट नंतर कुणी बदललेला नसेल तरच. जाणकाराला दाखवल्याशिवाय तिथे काहीही बदलू नये.

आता दादा. खरं सांगायचं तर मला तुमच्या पत्रातला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटला. तुम्ही विचारलंत की पार्ट बदलले तर ती दादाची राहील का. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली ती मुळातच अशी बनवली होती की नेक चार स्क्रूवर, पिकअप सगळे एका पिकगार्डवर, काहीही बिघडलं तर काढा आणि दुसरं लावा. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' ही तीन वेगवेगळ्या स्ट्रॅटचे चांगले चांगले भाग घेऊन जोडलेली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या काळ्या स्ट्रॅटची नेक, पिकअप, ब्रिज वर्षानुवर्षं बदलत राहिले, आणि २०१९ मध्ये ती लिलावात विकली गेली तेव्हा लोकांनी तिला गिलमोरचीच गिटार म्हणून विकत घेतलं, कुणी विचारलं नाही की यातला मूळचा स्क्रू कुठला. तर त्या बाजूने काळजी करू नका. पण तुम्ही धरून चाललाय की दादाला वाईट वाटेल, आणि अख्ख्या पत्रात तुम्ही त्याला विचारलंय असं कुठेच नाही. विचारा ना. कदाचित त्याला ती पडून असल्याचंच वाईट वाटत असेल. कदाचित त्यानेच तेव्हा पिकअप बदलायचं मनात ठेवलं असेल आणि राहून गेलं असेल. किंवा तो म्हणेल की पिकगार्डवरचा तो ओरखडा मात्र ठेव, आणि मग तुम्हाला कळेल की जपायचं नक्की काय आहे. सेटअपला द्यायच्या आधी त्याला फोन करा, नंतर नको.

आणि गिटार उघडणार असाल, स्वतः किंवा कुणाकडून, तर आधी आतल्या वायरिंगचा स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि स्क्रू वेगवेगळ्या पाकिटात नावं घालून ठेवा, पिकगार्डचे आणि ब्रिजचे एकत्र झाले की फार डोकं जातं. महिन्याभराने परत लिहा, तारा कुठल्या गेजच्या, म्हणजे जाडीच्या, टाकल्यात, नटचं काय निघालं, आणि तिसरी तार आता किती गाणी टिकते ते नक्की कळवा.